फाशीच्या कैद्याची चाळिशी

पत्र तयार होऊन पंधरा दिवस झाले होते आणि त्यात सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरीही गुरुवारी सकाळी, चष्म्याच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, थोरल्यांनी शटर अर्धं वर केलं, काउंटरवरचा दिवा लावला, पत्रात एक स्वल्पविराम घातला आणि दहा मिनिटांनी तो काढून टाकला.

पत्रासोबत सरकारी कार्यालयाचा फॉर्म होता. 'दयेच्या अर्जाबाबत मयताच्या निकटच्या नातेवाइकाचे म्हणणे' असं वर छापलेलं. म्हणणं थोरल्यांचं होतं: फाशी कायम ठेवावी. नातेवाईक मात्र मधली होती, गेलेल्या मधल्या भावाची बायको. अकरा वर्षं कोर्टाच्या तारखा थोरल्यांनी सांभाळल्या, वकील त्यांनी बदलले, वर्तमानपत्रवाल्यांना 'आमच्या कुटुंबाची एकच मागणी आहे' हे वाक्य त्यांनीच दिलं, आणि ऐन शेवटच्या कागदावर सरकारला सही हवी होती ती विधवेची. भावासाठी त्यात रकानाच नव्हता. थोरल्यांना ही कायद्याची नजरचूक वाटायची, आणि नजरेच्या बाबतीत त्यांचा शब्द गावात अखेरचा होता.

"उद्या बारापर्यंत द्यायचंय," ते म्हणाले. "बारा म्हणजे बारा. साडेबारा नाही."

"माहीत आहे," मधली म्हणाली. ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून एक फ्रेम पुसत होती. गेले पंधरा दिवस सहीचा विषय निघाला की तिला काहीतरी पुसायचं असायचं.

धाकटा काउंटरच्या आतल्या स्टुलावर पाय हलवत बसला होता. त्याची बायको, धाकटी, शाळेतल्या पोरांच्या गणिताच्या वह्या घेऊन आली होती. कौटुंबिक बैठकीत निदान काहीतरी बरोबर-चूक ठरवून व्हावं, असं तिचं मत होतं.

दुकान बंद करायच्या वेळी तिथं एकट्या असलेल्या मधल्याला मारणारा पळताना चष्मा टाकून गेला होता. पोलिसांनी तो पुडीत घालून याच काउंटरवर आणून ठेवला. थोरल्यांना भावाला पोचवून येऊन तेव्हा दोन दिवसही झाले नव्हते, पण त्यांनी तो यंत्राखाली धरला, नंबर वाचला, आणि सहा हजार कार्डांतून एक कार्ड काढून दिलं. उजवा उणे सव्वाचार, सिलिंडर म्हणजे तिरकस नंबर उणे तीन, ॲक्सिस म्हणजे त्याचा कोन पस्तीस. डावा उणे पावणेचार, सिलिंडर उणे अडीच, ॲक्सिस एकशे पंचेचाळीस. चष्मा याच दुकानातला, गिऱ्हाईक याच दुकानाचं. असा नंबर गावात दुसऱ्या कुणाचा नाही, हे त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं. त्या माणसाने पुढे गुन्हा कबूलही केला. पण थोरल्यांच्या मते त्याला कबूल करण्यासारखं काही शिल्लक ठेवलंच नव्हतं.

तेव्हापासून फाशीबद्दलचं लोकमत थोरल्यांनी जितकं ऐकलं तितकं कुठल्या मंत्र्यानं ऐकलं नसेल. यंत्रावर हनुवटी टेकवलेला माणूस फार वेळ गप्प राहू शकत नाही, आणि या दुकानात हनुवटी टेकवली की विषय एकच. 'लटकवला का त्याला अजून?' शिंपी म्हणाला, चौकात द्या. दाताचा डॉक्टर म्हणाला, द्या, पण दुखू नये. कॉलेजातले प्राध्यापक म्हणाले, तत्त्वतः माझा विरोध आहे, पण तुमच्या बाबतीत नाही. 'तुमच्या बाबतीत' हे शब्द थोरल्यांनी इतक्यांदा ऐकले होते की, अख्खा कायदा आपल्या एका घरासाठी टिकून आहे, असं त्यांना कधी कधी वाटे, आणि ते जरा ताठ बसत.

शटरखालून वाकून त्यांची मुलगी आत आली. आई गेल्यापासून ती सुट्टीच्या दिवशी न चुकता यायची, आणि न चुकता डोकं शटरला आपटायची. ती लोकांची मतं गोळा करणाऱ्या संस्थेत होती. धाकटा तिला चौकोनताई म्हणायचा, कारण दिवसभर ती लोकांच्या दारात उभी राहून चौकोनांत खुणा करायची. गेला महिनाभर तिच्या चौकोनांत फाशी होती. कायदा बदलायचा की ठेवायचा, अशी वर कुठेतरी चर्चा चालू होती, आणि वरच्यांना खालच्यांचं मत हवं होतं.

"काय म्हणतात लोक?" थोरल्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"म्हणजे गुप्त आहे?"

"नाही बाबा. 'सांगता येत नाही' हा एक पर्याय आहे. तो बराच चालतो."

थोरल्यांनी मधलीकडे पाहिलं, मग मुलीच्या पिशवीकडे. "एक फॉर्म इथंही भर. छापील कागदावर एकमत दिसलं की काही माणसांचं मन लवकर ठरतं."

"नातेवाइकांचे फॉर्म धरत नाहीत. फार तर सराव म्हणून."

"सरावच कर," धाकटा पुढे सरकला. "मला विचार. मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. बायकोनंसुद्धा."

"तुम्ही न विचारताच सांगता," धाकटी वहीतून म्हणाली.

मुलीने पेन्सिल काढली. "खुनाच्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा असावी असं तुम्हाला वाटतं का? हो, नाही, सांगता येत नाही."

"हो. जाड खूण कर."

मग वय, शिक्षण, घरात रेडिओ आहे का, शेजाऱ्यांशी बोलता का. धाकटा रंगात आला. आठवा प्रश्न आला तेव्हा तो सगळ्यालाच होकार द्यायच्या बेतात होता.

"खुनी माणसाला यांपैकी काय व्हावं असं तुम्हाला वाटतं: फाशी, की मरेपर्यंत सुटका नाही असा तुरुंगवास?"

धाकट्याचा पाय हलायचा थांबला. "सुटका नाही म्हणजे अजिबात नाही? चांगली वागणूक, आजारपण, सणासुदीची माफी, काही नाही?"

"अजिबात नाही."

"मग तुरुंग," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला थोरल्यांच्या चेहऱ्यावर वाचायला मिळालं.

"आत्ता हो म्हणालास ना फाशीला?"

"तेव्हा दुसरं काही दाखवलंच नव्हतं, दादा."

थोरले रागावणार होते, पण धंद्याचं कुतूहल आडवं आलं. त्यांनी फॉर्म हातात घेऊन पहिला आणि आठवा प्रश्न पुन्हा वाचला. "अगं, ही तर आपलीच युक्ती. तीच काच दुसऱ्यांदा लावायची." गिऱ्हाईक खरं सांगतंय की आपल्याला बरं वाटावं म्हणून, हे कळायला थोरले एकच काच दोनदा फिरवून आणत आणि विचारत, 'ही बरी की मघाची?' दहातले सहा जण ठामपणे म्हणत, ही बरी. "आणि हा माझा सख्खा भाऊ त्या सहांतला निघाला."

"तसं नाही बाबा. इथं काच खरंच बदलली आहे. आमच्या दोन गल्ल्यांत पहिल्या प्रश्नाला शंभरातले सत्तर हो म्हणाले. आठव्याला त्यातले निम्मेसुद्धा राहिले नाहीत."

"मग खरं कुठलं?"

"तेच मला कळत नाही," मुलगी म्हणाली, आणि हे ती मनापासून म्हणाली. महिनाभर तिला रात्री झोप लागण्याआधी हाच प्रश्न पडत होता.

"मला विचारशील तर," धाकटी वही मिटत म्हणाली, "मला फाशी चालेल. फक्त झाली ते मला सांगू नका. तारीख नको, वार नको. एकदम वर्षानं कळलं तर बरं."

"म्हणजे द्यायची, पण तुला न विचारता?"

"हो. दात काढतात तसं."

"हे उत्तर खूप जण देतात," मुलगी म्हणाली. "त्याला चौकोन नाही."

थोरल्यांनी काउंटरवर हात ठेवला. एकमत छापील कागदावर यायच्या आधीच गळायला लागलं होतं. "पुरे. हा पोरखेळ नको. तुमचा काही नियम असेल ना, घरातल्या कुणाचं घ्यायचं? त्याप्रमाणे एकाचं घे आणि संपव."

"नियम आहे. ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येतो, त्याचं."

थोरल्यांनी खुर्ची पुढे ओढली. मे महिना संपत आला होता आणि त्यांची जन्मतारीख एक जून होती. अडचण इतकीच की धाकट्याचीही एक जूनच होती. वडिलांनी तिघा भावांना एकाच सकाळी शाळेत नेलं होतं. हेडमास्तरांनी उंची बघून वर्षं टाकली आणि तारीख सगळ्यांना सारखी दिली, म्हणजे भांडण नको. गेलेल्या मधल्याचा वाढदिवसही कागदोपत्री त्याच दिवशी येत असे.

"दोघांचा एकाच दिवशी असेल तर मोठ्याचं घेत असतील," थोरले म्हणाले.

"माझा अठ्ठावीसला असतो," मधली म्हणाली. "मे."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा वाढदिवस कधी असतो, हा प्रश्न अकरा वर्षांत या घरात उपस्थित झाला नव्हता.

"हेडमास्तरांचा नाही," ती फ्रेम खाली ठेवत म्हणाली. "माझा खरा आहे."

*

दुसरं कुणी ऐकेल अशा जागी मुलाखत घ्यायची नाही, हाही नियम होता. म्हणून दोघी डोळे तपासायच्या खोलीत गेल्या. पडदा ओढला. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळलेला, बाकी अंधार. मधली सवयीने तपासणाऱ्याच्या स्टुलावर बसली, मग उठून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

मुलीला जरा अवघडल्यासारखं झालं. महिनाभरात तिने साडेतीनशे माणसांना हा प्रश्न विचारला होता, आणि त्यांतल्या एकाच्याही स्वतःच्या घरी तो प्रश्न घडलेला नव्हता.

"काकू, वाक्य फॉर्ममध्ये आहे तसंच वाचावं लागतं. खुनाच्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा असावी असं तुम्हाला वाटतं का?"

"कुणाच्या खुनाच्या?"

"साधारण."

"साधारण खून मला माहीत नाही गं."

मुलीने पेन्सिल 'सांगता येत नाही'वर नेली आणि परत उचलली. ते खरं नव्हतं. "पुढचा घेऊ?"

"घे."

"फाशी, की मरेपर्यंत सुटका नाही असा तुरुंगवास?"

मधली तक्त्याकडे बघत राहिली. खालच्या ओळीपर्यंत तिला अजूनही सगळं वाचता यायचं. "तुरुंगात चष्मा देतात का, असं विचारलंय का कुठे?"

"नाही."

"देतात," मधली म्हणाली. "त्याचा मी केलाय. तीनदा."

मुलीला पहिल्यांदा कळलं नाही, मग एकदम कळलं.

तुरुंगातल्या डोळेतपासणीच्या याद्या आजोबांच्या वेळेपासून या दुकानात यायच्या, कारण सिलिंडरच्या काचा घासणारं यंत्र गावात याच दुकानात होतं, आणि त्यावर मधली बसायची. यादीत नाव नसे. कैदी क्रमांक, उजवा, डावा, बस्स. तो माणूस आधी लांबच्या मोठ्या तुरुंगात होता. तीन वर्षांपूर्वी इकडे हलवला, असं कधीतरी वर्तमानपत्रात आलं होतं. त्याच वर्षीच्या यादीत अकराव्या ओळीत ॲक्सिस पस्तीस आणि एकशे पंचेचाळीस आले. उजवा पाव नंबराने वाढला होता.

"ओळखला मी. दादा तो नंबर इतक्यांदा म्हणून दाखवतात, मला पाढ्यासारखा पाठ आहे."

"मग?"

"मग काय. नंबर आला, काच घासली. घासताना मनात आलं, ज्याला लटकवायचंय त्याला चांगलं दिसायला कशाला हवं? पण हे विचारणार कुणाला? दुसऱ्या वर्षी परत आला. आणि गेल्या वर्षी त्याच्यापुढे जवळचा नंबर लिहिलेला होता. अधिक एक." ती थांबली. "त्याला चाळिशी लागली."

बाहेर धाकटा खोकला. तो पडद्याच्या बराच जवळ आला होता, हे खोकल्यावरून समजलं.

"ह्यांना कधी लागली नाही," मधली म्हणाली. "अडतिसाव्या वर्षी कुठे लागते."

मुलीच्या संस्थेत एक नियम भिंतीवर चिकटवलेला होता: उत्तर देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, सुधारू नयेत, आवरते घेऊ नयेत. तिने फॉर्म उलटा केला, कारण मागची बाजू कोरी होती. "काकू, तुमचं मत काय लिहू? तुमच्या शब्दांत."

मधलीने बराच वेळ घेतला. चष्म्याच्या दुकानात उत्तराला वेळ लागला की कुणी घाई करत नाही. मग ती म्हणाली, "लिही. मला त्याला एक विचारायचं आहे. तोवर तो असावा."

*

"काय लिहिलंस?" थोरल्यांनी पडदा सरकायच्या आत विचारलं.

"ते दाखवायचं नसतं, बाबा."

"मी सांगते," मधली म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. यादी, अकरावी ओळ, पाव नंबर, अधिक एक. आवाज गिऱ्हाइकाला काच कधी मिळेल ते सांगावं तसा. सांगून झाल्यावर ती बाकावर आपल्या जागी बसली.

थोरले उठले. त्यांनी खालच्या खणातून तुरुंगाच्या याद्यांची फाईल काढली आणि गेल्या वर्षीची यादी दिव्याखाली धरली. धाकट्याने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. अकरावी नव्हती, या वेळी सतरावी ओळ होती. ओळीच्या शेवटी 'तपासले' या रकान्यात थोरल्यांची वळणदार आद्याक्षरं होती. तयार चष्मा यंत्राखाली धरून नंबर जुळतो का ते बघायचं आणि सही करायची, हे काम ते कुणावर सोपवत नसत. त्याच्या मागच्या यादीतही त्यांचीच आद्याक्षरं. त्याच्याही मागच्या.

"कोर्टात ओळखलास," धाकटा हळूच म्हणाला, "आणि दुकानात तीनदा पास केलास."

"गप्प बस." थोरल्यांचा आवाज नेहमीच्या जागेवर नव्हता. "दुसऱ्या कुणाचा असेल. नंबर काय, सारखे असतात."

"दादा, असा नंबर दुसऱ्या कुणाचा नाही, असं तूच शपथेवर सांगितलंयस."

धाकटी हे ऐकून चमकली. ती इतका वेळ हिशोब करत होती की आपण कुणाच्या बाजूला आहोत, आणि आपला नवरा प्रथमच एखादं गणित बरोबर सोडवतो आहे, हे पाहून तिला तात्पुरतं त्याच्या बाजूला जावंसं वाटलं. पण थोरल्यांचा चेहरा बघून ती पुन्हा मधोमध आली. "यादीवर नाव नसतं ना," ती म्हणाली. "शंभर ओळी असतात. कुणाच्याही नजरेतून सुटेल."

"माझ्या नाही," थोरले म्हणाले, आणि हे त्यांना कबूल करायचं नव्हतं तरी खरं म्हणून म्हणाले.

फाईल बंद करून ते मधलीसमोर उभे राहिले. "म्हणजे तू त्याला माफ केलंस."

"नाही."

"चष्मे करून देतेस, फाशी नको म्हणतेस..."

"फाशी नको म्हटलं नाही मी. हवी असंही नाही म्हटलं. तुम्ही सगळे एकदम उत्तराला जाता." तिने मुलीकडे पाहिलं. "हिनं निदान प्रश्न तरी वाचून दाखवला. मला अकरा वर्षांत लोकांनी फक्त उत्तरं आणून दिली. बायका भेटायला यायच्या, हात धरून म्हणायच्या, होईल हं त्याला फाशी, होईल. मला वाटायचं, मी या बायकांकडे मागितली होती का?"

"मग काय पाहिजे तुला?"

"विचारायचंय."

"काय?"

मधलीला हे मोठ्याने बोलायची सवय नव्हती. घासायच्या यंत्राशी ती हे रोज बोलायची, पण यंत्राचा आवाज असायचा. "हे शेवटी काय बोलले, ते. काहीतरी बोलले असणारच. ह्यांना गप्प बसता यायचं का कधी? जेवताना बोलायचे, दाढी करताना बोलायचे, झोपेत तर भाव करायचे गिऱ्हाइकांशी. तो माणूस आत आल्यापासून पळेपर्यंत पाच मिनिटं गेली, असं कोर्टात निघालं. पाच मिनिटं! ह्यांनी पाच मिनिटांत त्याला दोन फ्रेमा दाखवल्या असतील." धाकट्याला हसू आलं आणि ते त्याने आवरलं नाही; मधलीही किंचित हसली. "तेव्हा तिथं ऐकणारा एकच होता. कोर्टात त्याला हत्यार विचारलं, वेळ विचारली, चष्मा विचारला. हे कुणी विचारलंच नाही. त्याला लटकवला की हे कुणालाच माहीत नसणार. पत्रावर सही करायला बसले की पेन इथंच अडतं."

बाहेरून कुणीतरी अर्धं शटर पाहून वाकून विचारलं, "चालू आहे का?" आणि धाकटी म्हणाली, "बंद आहे, उद्या या."

"आणि तो म्हणाला, काहीच बोलले नाहीत, तर?" थोरल्यांनी विचारलं.

"तर काहीच बोलले नाहीत हे कळेल."

"खोटं सांगेल तो. जीव वाचवायला काय वाट्टेल ते सांगेल."

"ह्यांचं बोलणं मला ओळखू येतं," मधली म्हणाली. "ते त्याला बनवून सांगता यायचं नाही."

"आणि सांगितल्यावर? मग फाशी?"

मधलीने याचा विचार केला. तिच्या कपाळावर ती बारीक काम करताना पडते तशी आठी पडली. "ते मला माहीत नाही. खरंच नाही. कदाचित मग मीच म्हणेन, द्या. तेव्हा विचारा."

थोरल्यांना कळेना की यावर रागवावं कसं. अकरा वर्षांत त्यांनी विरोधकांची सगळी उत्तरं तयार ठेवली होती: दयावाले, तत्त्ववाले, 'त्याचीही आई असेल'वाले. माहीत नाही म्हणणाऱ्या माणसाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

"सरकारी फॉर्ममध्ये तसं लिहिता येतं का बघ," धाकटी मुलीला म्हणाली. ती आता पूर्ण मधलीकडे गेली होती, आणि तिथं गेल्याचं तिलाच नवल वाटत होतं. "की आधी भेट, मग मत."

"म्हणण्याची जागा मोकळी आहे," मुलगी म्हणाली. "काय म्हणायचं ते छापलेलं नाही."

"मी लिहितो," धाकटा म्हणाला आणि त्याने फॉर्म ओढला. "'महोदय, आमच्या वहिनींना सदर खुन्यास भेटून जरा चौकशी करावयाची असल्याकारणाने...'"

"जरा चौकशी?" थोरले म्हणाले.

"'...तरी तोवर त्यास जिवंत ठेवण्याची तजवीज व्हावी, ही नम्र...'"

"तजवीज? लोणचं घालतोयस का त्याचं? आण इकडे."

थोरल्यांना आपण चूक असलेलं सहन होत असे. मसुदा वाईट असलेला सहन होत नसे. त्यांनी धाकट्याच्या हातून फॉर्म काढून घेतला, खुर्ची ओढली, आपलं पंधरा दिवसांचं पत्र उलटं करून त्याच्या पाठीवर आधी कच्चं लिहायला घेतलं. मधली काउंटरच्या पलीकडे येऊन उभी राहिली. त्यांनी लिहिलं की शिक्षेबाबतचे मत कैद्याच्या भेटीनंतर कळविण्यात येईल. की तोपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी करण्यात येऊ नये. 'करू नये' की 'करण्यात येऊ नये' यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि दुसरं ठेवलं.

"भेटीचं कारण लिहावं लागेल," ते खालीच बघत म्हणाले. "नेमकं. नाहीतर फेटाळतात."

"लिहा ना. मी सांगितलं ते."

'कैद्यास पुढील प्रश्न विचारावयाचे आहेत,' असं थोरल्यांनी लिहिलं, आणि खाली एकचा आकडा घातला. १. मयताने शेवटी काय शब्द उच्चारले.

"उच्चारले नको," मधली म्हणाली. "बोलले."

त्यांनी खोडून 'मयत शेवटी काय बोलले' केलं. मग पेन तसंच हातात धरून बसले. धाकटीने वह्या गोळा केल्या. मुलीने पेन्सिल पिशवीत टाकली. थोरले उठले नाहीत.

"'प्रश्न विचारावयाचे आहेत' असं लिहिलंत," मधली म्हणाली. "एकच आहे माझा."

"हो."

"मग 'आहेत' कशाला?"

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी खाली दोनचा आकडा घातला आणि या वेळी भाषेकडे अजिबात लक्ष न देता, भराभरा, कुणी अडवेल या भीतीने लिहावं तसं लिहिलं. मधलीने ते उलट्या बाजूने वाचलं, पक्कं लिहून व्हायच्या आधीच फॉर्म आपल्याकडे वळवला आणि सहीच्या जागी सही केली.

२. मोठा भाऊ साडेसातला दुकान बंद करायला येतो म्हणाला होता, अजून आला नाही, असे मयत काही बोलले काय.